कुत्रं अडलं पाहिजे, खोकड गेलं पाहिजे

चाकणच्या आमच्या कारखान्यात जे काही पार्ट बनवत नाही ते सगळं माझ्याकडे येतं. कॅन्टीन, बसगाड्या, संडास, कुंड्या, पाहुण्यांचे बुके, गणपतीचा मांडव. हुद्द्याचं नाव ॲडमिन मॅनेजर. ऐकायला बरं वाटतं. कारखान्यातली कुत्री कुणाच्या खात्यात, असा प्रश्न एकदा सोमवारच्या मिटिंगमध्ये निघाला, तेव्हा प्रॉडक्शनवाल्यांनी मान खाली घातली, मेंटेनन्सवाल्यांनी मोबाइल काढला आणि बाकीच्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत विषय मिटला होता.

कुत्री मुळात इथली नव्हती. हा सगळा माळ होता. कुसळी गवत, घाणेरीची झुडपं आणि पलीकडे ओढा. कारखान्याचं बांधकाम सुरू झालं तेव्हा ठेकेदाराच्या मजुरांनी राखणीला पिल्लं आणली. काम संपल्यावर ठेकेदार मिक्सर घेऊन गेला, पत्रे घेऊन गेला, वाकलेले खिळेसुद्धा वेचून घेऊन गेला. कुत्री तेवढी आम्हाला ठेवून गेला. त्यांनी दोन दिवसांत कॅन्टीनचं मागचं दार शोधलं आणि कायम झाली. आमच्याकडे दहा-दहा वर्षं कंत्राटावर राबून कायम न झालेली माणसं आहेत, त्यांना याचा फार राग होता. कामगारांनी कुत्र्यांना नावंही कारखान्याचीच दिली. दुसरी पाळी सुटल्यावर उगवणारा तो ओव्हरटाइम. दिवसभर टाइम ऑफिसच्या दारात रजेवर असल्यासारखी लोळणारी ती सीएल. आणि एक काळी, किरकोळ, एका कानाची कुत्री होती, तिचं नाव रिजेक्शन. बुधवारी चिकन असतं हे सगळ्यांना माझ्याइतकंच पाठ होतं.

कारखान्याच्या मागं आमचीच बरीच मोठी जागा रिकामी आहे. ती ‘फेज टू’साठी राखून ठेवलेली. दर वर्षी प्लांट हेड साहेब प्रेझेंटेशनमध्ये तिथं निळ्या रंगाची शेड दाखवतात आणि दर वर्षी तिथं गवत वाढतं. त्या गवतात ससे होते, मुंगसं होती, आणि एका दिवाळीच्या सुमारास, सकाळी पहिल्या पाळीच्या बसमधून उतरताना, मला तिथं मांजरापेक्षा जरासं मोठं, टोकदार तोंडाचं, झुपकेदार शेपटीचं एक जनावर दिसलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी कामाची नाही हे ओळखलं आणि ते निघून गेलं.

त्याच संध्याकाळी मी ते आप्पांना सांगितलं. सांगायला दुसरं काही नव्हतं म्हणून. आप्पा म्हणजे माझे वडील. मूळचे खेड तालुक्यातले, जन्मभर पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर उभे राहिलेले, आता निगडीला प्राधिकरणातल्या फ्लॅटमध्ये एकटे. आई गेल्यापासून ते बोलेनासे झाले होते. मी मोशीला राहते. कंपनीची बस मोशीला सोडते, तिथून मी स्कूटर काढून डबा घेऊन निगडीला जाते, मग घरी. “जेवलात?” “हं.” “गोळ्या?” “हं.” यापुढे आमची गाडी कधी गेली नव्हती.

“आप्पा, आमच्या कंपनीत कोल्हा आलाय.”

“कोल्हा?”

“छोटासा आहे. शेपटीचं टोक काळं.”

“मग कोल्हा कशाला म्हनती? खोकड हाय ते,” आप्पा म्हणाले. आणि जरा थांबून, “जोडी हाय का एकलंच?”

आई गेल्यानंतर आप्पांनी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न. माझा जीव काही खोकडात नव्हता, खोटं कशाला बोलू. तो आप्पांच्या या प्रश्नात होता. दुसऱ्या दिवशी मी पाळी सुरू व्हायच्या आधी मागच्या गवताकडे जाऊन उभी राहिले. जोडी होती. संध्याकाळी तसं सांगितलं तर पुढचा प्रश्न आला: बीळ कुठं हाय? मग मी बीळ शोधलं. त्या हिवाळ्यात आमच्या घरात आईचा फोटो सोडला तर सगळ्यात जास्त लक्ष त्या बिळाकडे होतं. खोकडं असली तर आप्पा बोलत होते, इतकं ते सरळ होतं.

तेवढ्यात ऑडिट आलं. परदेशी ग्राहकाचे दोन पाहुणे लाइन बघत होते, आणि ओव्हरटाइम त्यांच्या मागोमाग, त्यांच्याच चालीनं, लाइन बघत होता. चालण्यासाठी आखलेल्या पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालत होता हे त्याचं कौतुकच म्हणायला हवं. आमचे अर्धे सुपरवायझर तेवढंही पाळत नाहीत. पाहुण्यांनी फोटो काढले. प्लांट हेड साहेब हसत राहिले, आणि पाहुण्यांची गाडी गेटबाहेर पडताच हसू पुसून मला म्हणाले, “रूट कॉज पाहिजे.”

आमच्या पट्ट्यात हा आजार सगळ्यांना आहे. घरात दूध उतू गेलं तरी आमचा माणूस आधी त्याचं मूळ कारण काढतो, गॅस नंतर बंद करतो. आमचे क्वालिटी हेड तर यात पार मुरलेले; चार पाच वेळा ‘का’ विचारल्याशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नाही. त्यांनी फळ्यावर लिहायला घेतलं. कुत्री का आहेत? खायला मिळतं म्हणून. का मिळतं? अन्न उरतं म्हणून. का उरतं? ताटात टाकतात म्हणून. का टाकतात? कुणी बघत नाही म्हणून. मग त्यांनी खडू ठेवला आणि ज्या आनंदानं सगळ्यांकडे बघितलं, तो आनंद मी त्यांच्या पगारवाढीच्या दिवशीही पाहिला नव्हता. उरलेलं अन्न बंद, कुत्री बंद.

मोहीम जोरात झाली. भिंतीवर पोस्टर लागली. ताट ठेवायच्या खिडकीशी मला उभं केलं, शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखं. मी मोठमोठ्या ऑपरेटरांना उरलेली भाजी संपवायला लावली. एकानं तर माझ्याकडे रोखून बघत कढीपत्ता चावून खाल्ला. उरलेल्या अन्नाचा आलेख खाली खाली येत जमिनीला टेकला, सगळे चौकोन हिरवे झाले, मुख्य कचेरीतून ढाल आली, केक कापला. केकही कुणी उरवला नाही.

कुत्री गेली का? एकही नाही. कुत्र्यांनी फक्त तोंड फिरवलं. पुढं कॅन्टीन बंद होतं, मागं गवत होतं.

आधी ससे गेले. म्हणजे ‘गेले’ हे आपलं म्हणायचं. माळ्याला झुडपात लव सापडायची. मग मुंगूस दिसायचं बंद झालं. टाइम ऑफिसच्या दारात लोळणारी सीएल, जिला चेंडू टाकला तरी उठायचा कंटाळा यायचा, ती आता ओव्हरटाइमबरोबर गवतात अर्धगोल करून सशाला घेरायची. भूक असली की माणूस काय, कुत्रंही हुशार होतं. मी हे क्वालिटी हेडना सांगितलं. त्यांनी आलेख काढून दाखवला. आलेखात ससे नव्हते.

एप्रिलात पिल्लं बाहेर आली. तीन. मातकट रंगाची, कानच कान असलेली, एकमेकांच्या शेपट्या ओढणारी. आप्पांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठून गॅलरीत गेले आणि परत आले, त्यांना बसवेना. “मादी कुठं जाती, नर काय आनतो, सांग की,” म्हणाले. मी सांगत राहिले. एवढं मी माझ्या लग्नाबद्दलही त्यांना कधी सांगितलं नसेल.

मे महिन्यात एका सकाळी माळी मला बोलवायला आला. मादी घाणेरीच्या झुडपाशी पडली होती. फाडली होती, खाल्ली नव्हती. रिजेक्शन बाजूला पाय पसरून बसली होती, आणि तिच्या फासळ्या एक एक मोजून घ्याव्यात अशा वर आलेल्या होत्या. मला रडू आलं आणि संतापही आला, आणि संताप नक्की कुणावर काढायचा हे कळेना. कुत्रीवर काढावा तर तिच्या पोटाचा खड्डा आम्हीच केला होता, ढाल घेऊन.

त्या संध्याकाळी आप्पांना खोटं सांगायचं ठरवलं होतं. जमलं नाही. “मादी गेली,” मी म्हणाले.

आप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. “कशानं?”

“कुत्र्यांनी.”

“तुमच्याच?”

“आमच्याच.”

मग मी मोहिमेची सगळी गोष्ट सांगितली. आप्पा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत होता. “कुत्र्याचं खानं बंद केलं म्हंजे कुत्रं काय राजीनामा देऊन जानार हाय व्हय? ते हायेच की तितं. आन् आता उपाशी हाय.” एवढं बोलून त्यांनी टीव्ही बंदच केला. मग विचारलं, “पोरं?”

“तिन्ही आहेत. नर आणून घालतोय.”

“जमंल का त्येला एकट्याला?”

“जमेल,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? पण स्कूटरवर बसले तेव्हा मला स्वच्छ कळलेलं होतं की ती पिल्लं मेली तर माझ्या घरात कुणीतरी पुन्हा ‘हं’ म्हणायला लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी प्लांट हेड साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दयामाया, जीव, पिल्लं असले शब्द मी बाहेरच ठेवले. त्या केबिनमध्ये ते चालत नाहीत. मी स्लाइड नेली. वर लिहिलं, ‘जैवविविधता’. खाली खोकडाचा फोटो, त्याखाली परदेशी ग्राहकाच्या प्रश्नावलीतला पर्यावरणाचा प्रश्न, ज्यापुढं आम्ही दर वर्षी ‘झाडे लावली’ एवढंच लिहायचो. खर्च शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात. साहेबांनी फोटोकडे बराच वेळ बघितलं. “आपल्याकडचा आहे?” “आपलाच, सर.” “शेजारच्या कंपनीकडे आहे का?” “नाही, सर.” तिथंच काम झालं.

करायचं होतं ते तीन बाजूंनी. कुत्र्यांचं पोट भरायचं, ते मागं नाही, पुढच्या गेटवर, ठरल्या वेळी. प्राण्यांच्या एका संस्थेची गाडी बोलावून सगळ्यांची नसबंदी करायची, लस टोचायची आणि नियमाप्रमाणे परत आणून सोडायचं, म्हणजे संख्या तरी वाढणार नाही. आणि गवताला जाळीचं कुंपण घालून मागची पडलेली भिंत बांधून घ्यायची. यात एक भानगड होती. खोकडाला ओढ्याकडे जायला यायला वाट हवी. खोकडाची वाट ठेवली की कुत्र्याची होते.

इथं क्वालिटी हेड पुढं आले. मादीबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते, पण फळ्यावरची ती चारही कारणं त्यांनी स्वतःच्या हातानं पुसलेली मी पाहिली. म्हणाले, “मॅडम, हा गेजचा प्रश्न आहे.” आमच्याकडे प्रत्येक भोकाला गेज असतो, दोन टोकांचा दांडा. भोक बरोबर असेल तर एक टोक आत जातं, दुसरं जात नाही. बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही, पण चाकणमध्ये हजारो संसार या दांड्यावर चालतात. त्यांच्या डोक्यात भिंत म्हणजे गेजच होती: खोकड गेलं पाहिजे, कुत्रं अडलं पाहिजे.

खोकड काही मापाला उभं राहीना. मग फोटोत त्याच्या मागं दिसणाऱ्या विटेवरून त्याचं माप काढलं. शेपटी फुगलेली असल्यानं शंका नको म्हणून थोडी जास्त सूट धरली, सिमेंटचे पाइप कापून घेतले आणि मागच्या भिंतीत तळाशी बसवूनही टाकले. चाचणी मात्र पाइप बसवल्यावर. असं आमच्याकडे उलटंच होतं, ऑडिटवाल्यांना सांगू नका.

चाचणीला कुत्री आणायचं काम सिक्युरिटी सुपरवायझरकडे. निवृत्त फौजी, मिशा पिळलेल्या, आणि कुत्र्यांपुढं लोणी. गाडीवाले नसबंदीला कुत्री पकडत होते तेव्हा हा केबिनचं दार लावून बसला होता, आणि ती नसबंदीची खूण म्हणून कान कापून परत आली तेव्हा त्यानं गेटवर पेढे वाटले होते. तो भिंतीपलीकडे बिस्किटं घेऊन बसला. ओव्हरटाइमचं डोकं अडकलं, त्यानं शिवी दिल्यासारखा आवाज काढून ते मागं घेतलं. सीएलनं पाइप हुंगला आणि तिथंच झोपली. मग आली रिजेक्शन. तिनं पाइपाकडे बघितलं, बिस्किटाकडे बघितलं आणि सुळकन पलीकडे गेली.

भर उन्हात क्वालिटी हेड त्या पाइपाकडे बघत राहिले. “ही जायला नको होती,” एवढंच म्हणाले.

“साहेब, हाडंच राहिलीत तिची,” सुपरवायझर भिंतीपलीकडून ओरडला. “कशीही जाईल.”

नवे पाइप द्यायला पर्चेसनं साफ नकार दिला. भिंत फोडायची तर पुन्हा मंजुरी. तेव्हा आमच्या कारखान्याच्या इतिहासात प्रथमच असं ठरलं की भोक आहे तसं राहील, पार्टचं माप वाढवायचं. रिजेक्शनला खाऊ घालून जाड करायचं. ज्या कॅन्टीननं उरलेलं अन्न शून्यावर आणल्याची ढाल मिळवली होती, तिथं मुद्दाम जादा भात शिजू लागला. बुधवारचे चिकनचे तुकडे रिजेक्शनसाठी बाजूला निघू लागले. क्वालिटी हेड जेवणाच्या सुट्टीत स्वतः जाऊन तिच्या खांद्याचं माप घ्यायचे, आणि ती त्यांचा हात चाटायची. जूनमध्ये एके दिवशी तिचं डोकं पाइपात गेलं, खांदे गेले नाहीत. ते धावत माझ्या केबिनमध्ये आले आणि म्हणाले, “अडली!” आमच्या मुलाचा बारावीचा निकाल लागला तेव्हा माझा नवरा एवढा खूश नव्हता.

या सगळ्यात नर खोकड आपलं काम करत होता. पहाटे पाइपातून बाहेर, उजाडताना आत. तोंडात कधी उंदीर, कधी सरडा. पिल्लं त्याच्यावर तुटून पडायची आणि तो बाजूला जाऊन बसायचा. आप्पा रोज विचारायचे आणि मी रोज सांगायचे. मी निघाले की ते जिन्यापर्यंत यायला लागले होते. तिथंही एखादा प्रश्न राहिलेला असायचा.

पावसाळ्यात गवत कमरेएवढं झालं आणि ससे परत आले. एक दिसला, मग दोन दिसले, मग मोजायच्या पलीकडे गेले. मुंगूस आपल्या कुटुंबासकट कुंपणाच्या आतून फिरायला लागलं. कुत्री जिथल्या तिथं होती, एकालाही हाकललं नव्हतं. फक्त भरल्या पोटी, पुढच्या गेटवर, जाळीच्या अलीकडे होती. एवढ्यानं मागचा माळ पुन्हा भरला. सशांनी मग कुंपणाखालून येऊन ऑफिससमोरची विकतची हिरवळ खाल्ली. प्लांट हेड साहेबांनी मला बोलावलं. “सशांचं काहीतरी करा,” म्हणाले. “रूट कॉज काढा.” मी म्हणाले, “सर, रूट कॉज तुम्ही बोर्डावर लावलाय.” जैवविविधतेच्या बोर्डावर साहेबांचा फोटो खोकडाच्या फोटोपेक्षा मोठा होता.

गणपती उठले आणि पिल्लं दिसेनाशी झाली. मी घाबरून सगळं गवत पालथं घातलं. रक्त नाही, लव नाही. पाइपाच्या तोंडाशी चिखलात पावलं होती, सगळी बाहेर जाणारी. सुपरवायझरनं त्यांना ओढ्यापलीकडे पाहिलं होतं. म्हणाला, मोठी झालीत, आता नाही यायची. हेच तर हवं होतं आम्हाला. तरी मी स्कूटरवर पूर्ण रस्ताभर थापा जुळवत होते. तिन्ही पिल्लं नुसत्या बोलण्यात दिवाळीपर्यंत सहज जगवता आली असती.

पण आप्पांनी दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघूनच विचारलं, “काय झालं?”

“गेली. मोठी झाली, गेली आपापल्या वाटेनं.”

“तिन्ही?”

“तिन्ही.”

“ब्येस झालं,” आप्पा म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. मग म्हणाले, “आन् त्यो?”

“कोण?”

“बाप त्यांचा. त्यो कसा हाय?”

दिवसभर मी पिल्लंच शोधत होते. तो झुडपाशी बसला होता की नाही, खात होता की नाही, काही माहीत नव्हतं. “बराच असेल की,” मी म्हणाले.

“बगितलंस?”

“नाही.”

आप्पा रागावले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि डबा घ्यायला हात पुढं केला. मी तो दिला नाही. जेवलात का आणि गोळ्या घेतल्या का, एवढंच विचारायला मी रोज एवढ्या लांबून येत होते.

“आप्पा, तुम्ही कसे आहात?”

मला वाटलं, आता ‘हं’ येणार.

“बरा न्हाई मी,” आप्पा म्हणाले. “दुपार लई वंगाळ जाती.”

मी डबा ओट्यावर ठेवला, घरी फोन करून माझी वाट बघू नका म्हणून सांगितलं, आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.